युरियाचे पोते आणि मुळावरची गाठ

मृगाचा पाऊस होऊन पेरण्या आटोपल्या, की तालुक्याच्या गावी खतांच्या दुकानांपुढे युरियासाठी रांगा लागतात. पोते मिळाले नाही की ओरड होते, मोर्चे निघतात, तहसीलदारांना निवेदने दिली जातात. समाजवादी व डाव्या पक्षांचे कार्यकर्तेही त्या निवेदनांवर सह्या करण्यात मागे नसतात. शेतकऱ्याला वेळेवर आणि वाजवी भावात खत मिळाले पाहिजे, ही मागणी न्याय्यच आहे. परंतु त्या रांगेत उभा असलेला शेतकरी कोणत्या पिकासाठी युरिया मागतो आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ऊस, कापूस, मका किंवा गहू यांसाठी तो मागत असेल, तर गोष्ट वेगळी. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या या रांगांमधली कित्येक पोती सोयाबीनच्या, तुरीच्या आणि पुढे रब्बीत हरभऱ्याच्या वावरात जाऊन पडतात. या पिकांच्या मुळांवर निसर्गाने नत्राचा कारखानाच बांधून दिलेला आहे. त्या कारखान्याला टाळे ठोकण्याचे काम हे पोते करते, आणि त्या टाळ्याची बरीचशी किंमत सरकारी तिजोरीतून भरली जाते. हा व्यवहार काय आहे, त्यात कोणाचा लाभ आहे आणि कोणाची हानी, हे चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्याची वेळ आली आहे.

शेंगवर्गीय पिकांनी जमीन सुधारते, हे ज्ञान प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीपासून शेतकऱ्यांपाशी होते. मराठीतला 'बेवड' हा शब्दच त्याची साक्ष देतो. आदल्या पिकाने जमिनीत काय मागे ठेवले, यावर पुढच्या पिकाचे भवितव्य ठरते, आणि कडधान्याचा बेवड उत्तम, हे कुणब्याला कोणी शिकवावे लागले नाही. त्यामागचे कारण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. जर्मनीत हेल्‌रीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवून दिले, की ही झाडे हवेतील नत्र वापरतात आणि ते काम मुळांवरच्या गाठींमध्ये चालते. १८८८ सालीच हॉलंडच्या बायरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढला. रायझोबियम या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले हे जिवाणूंचे कुळ होय. भारतात एन. व्ही. जोशी यांनी या विषयावरचे आरंभीचे संशोधन १९२० साली प्रसिद्ध केले. म्हणजे देशात या ज्ञानाला शंभर वर्षे उलटून गेली आहेत. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ते अद्याप पुरते पोचलेले नाही, ही खरी खंत आहे.

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे. परंतु त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जोडलेले असतात, की कोणतेही झाड त्याचा परस्पर उपयोग करू शकत नाही. तो बंध फोडण्यासाठी खताच्या कारखान्यात चारशे ते पाचशे अंश उष्णता आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब लागतो. तेच काम गाठीतला जिवाणू साध्या मातीच्या उष्णतेत नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या साहाय्याने करतो. मात्र ते फुकट होत नाही. नत्राचा एक रेणू फोडण्यासाठी ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. ही ऊर्जा झाड पुरविते. पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेचा मोठा वाटा ते मुळांकडे धाडते, आणि स्थिर झालेल्या एका ग्रॅम नत्रामागे पाच-सहा ग्रॅम कर्ब खर्च होतो. शिवाय हे विकर प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते, तर जिवाणूला श्वसनासाठी प्राणवायू हवाच असतो. या पेचातून मार्ग काढण्यासाठी झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचे, माणसाच्या रक्तातील द्रव्याशी नाते सांगणारे लाल द्रव्य तयार करते. ते प्राणवायू मोजूनमापून जिवाणूपर्यंत पोचविते. म्हणूनच काम करणारी गाठ नखाने फोडली असता आतून गुलाबी-तांबडी दिसते. आतून पांढरी, हिरवट किंवा तपकिरी दिसणारी गाठ एक तर अजून कामाला लागलेली नसते, किंवा तिचे काम संपलेले असते.

जे सहजीवन झाडाला इतके महाग पडते, ते झाड गरजेवाचून कशाला चालवील? येथेच नायट्रेटचा प्रश्न येतो. शेतात टाकलेला युरिया मातीतील जिवाणूंच्या क्रियेने आधी अमोनियमात आणि मग नायट्रेटात रूपांतरित होतो. अनुकूल ओल आणि उष्णता असली, की हे काही दिवसांत घडते. मुळांना नायट्रेट आयते मिळू लागले, की झाड आपला खर्चिक कारखाना आवरते घेते. हे आवरणे चार टप्प्यांवर होते. पहिल्या टप्प्यात जिवाणूला मुळात शिरकावच मिळत नाही, कारण त्याला आत घेण्यासाठी वळणारे मूलरोम पुरेसे वळत नाहीत. दुसऱ्या टप्प्यात गाठींची संख्या कमी होते. तिसऱ्या टप्प्यात झालेल्या गाठी वाढत नाहीत, लहान राहतात. आणि चौथ्या टप्प्यात, चालू असलेल्या गाठींतील नत्रस्थिरीकरण मंदावते. नायट्रेट दीर्घकाळ मुबलक राहिले, तर गाठी अकाली म्हाताऱ्या होऊन कुजतात. नायट्रेट लवकर ओसरले तर काही गाठी पुन्हा कामाला लागतात. परंतु तीन-साडेतीन महिन्यांच्या पिकाच्या आयुष्यात वाया गेलेले पंधरवडे भरून निघत नाहीत.

हे झाड कसे ठरविते, याचा उलगडा गेल्या चाळीस वर्षांत बराच झाला आहे. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे कॅरॉल, मॅकनील व ग्रेसहॉफ यांनी १९८५ साली सोयाबीनची अशी उत्परिवर्तित वाणे प्रसिद्ध केली, की ज्यांच्या मुळांवर नायट्रेट असतानाही गाठींचा नुसता खच पडे. पुढे २००३ साली या वाणांत बिघडलेले जनुक सापडले. नेहमीच्या झाडात या जनुकापासून होणारे ग्राहक प्रथिन पानांत बसून मुळांचा हिशेब ठेवते. पुरेशा गाठी झाल्याचा निरोप मुळांकडून वर जातो, आणि 'आता पुरे' असा निरोप खाली येतो. नायट्रेट आल्याची वर्दी मुळातल्या मुळात याच प्रथिनाला मिळते. डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली आणखी एक दुवा दाखवून दिला. नायट्रेट वाढले, की गाठीतील जस्ताचे प्रमाण घटते, आणि त्या खुणेवरून एक नियामक प्रथिन जागे होऊन गाठ मोडून टाकण्याची प्रक्रिया सुरू करते.

या संशोधनातून एक मोह उत्पन्न होतो: नायट्रेटला न जुमानणारे वाण काढले, म्हणजे युरियाही टाकता येईल आणि गाठीही राहतील! परंतु १९८५ च्या त्या वाणांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नव्हता. गाठी भरमसाट वाढल्या, झाडाची साखर त्यांनीच खाल्ली, मुळे खुंटली आणि उत्पन्न नेहमीच्या वाणांहून कमीच आले. झाडाने गाठींवर घातलेला लगाम म्हणजे लाखो वर्षांच्या अनुभवातून आलेली काटकसर होय. पुढील संशोधनातून याहून बरी वाणे निघू शकतील, आणि ती सार्वजनिक संस्थांनी काढावीत. पण तोवर, आणि त्यानंतरही, मूळ प्रश्न शिल्लक राहतो: ज्या पिकाला युरियाची गरज नाही, त्याला तो घालण्याची बुद्धी शेतकऱ्याला कोणती व्यवस्था देते?

पोत्याचा हिशेब

कडधान्य पिकांसाठीची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद अशी आहे. सोयाबीनच्या शिफारशी विद्यापीठागणिक थोड्या बदलतात. हा थोडका नत्र कशासाठी? बियाण्यातील साठा संपल्यापासून गाठी कामाला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. त्या अवधीत रोपाला आधार म्हणून. आता पेरणीच्या वेळी एकरी ५० किलोचे एक पोते डीएपी दिले, तर त्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळते. हेक्टरी साडेबावीस व साडेसत्तावन्न किलो. म्हणजे शिफारशीतला नत्र एवढ्यातच जवळपास पुरा झाला. त्यानंतर महिन्याभराने पीक पिवळे दिसले म्हणून एकरी ४५ किलोचे एक पोते युरिया फेकले, तर आणखी सुमारे २१ किलो, म्हणजे हेक्टरी ५० किलोंहून अधिक नत्र जमिनीत जाते. नेमक्या त्याच दिवसांत गाठी ऐन जोमात यायच्या असतात. आधार म्हणून दिलेली काठी अशा रीतीने पायात अडकते.

सोयाबीनच्या एक टन दाण्यामागे झाडाला सुमारे ८० किलो नत्र लागतो, आणि बरी गाठ असेल तर त्यातला निम्म्याहून अधिक तो हवेतून घेतो. उरलेला जमिनीतून मिळतो. खताचा नत्र वाढत जातो, तसा हवेतला वाटा झपाट्याने घटत जातो. म्हणजे पोत्यातून घातलेल्या नत्राचा काही भाग पिकाच्या मिळकतीत भर न घालता, फुकट मिळणाऱ्या नत्राची केवळ जागा घेतो. शेतकऱ्याने पैसे मोजले, सरकारने त्याच्या कितीतरी पट अनुदान मोजले, आणि झाडाच्या पदरात पडले ते पूर्वीइतकेच!

उरलेला नायट्रेट कोठे जातो, हेही पाहिले पाहिजे. तो मातीच्या कणांना चिकटत नाही, पावसाबरोबर खाली झिरपतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार देशातील भूजलाच्या सुमारे एक-पंचमांश नमुन्यांत ही मर्यादा ओलांडली गेली होती, आणि महाराष्ट्रातील प्रमाण त्याहून बरेच अधिक होते. या दूषिताला गावची गटारे, शेणखताचे उकिरडे आणि इतर पिकांवरची खतेही कारणीभूत आहेत. सारा दोष कडधान्यांच्या माथी मारता येणार नाही. पण जेथे नत्राची गरजच नव्हती, तेथून झिरपलेला नायट्रेट सर्वांत अनाठायी म्हटला पाहिजे. ज्या विहिरीचे पाणी त्यामुळे बिघडते, त्या विहिरीवर पोटची तान्ही मुले अवलंबून असलेल्या मजूर कुटुंबाने तर युरियाचे एक पोतेही विकत घेतलेले नसते.

भावाचे पारडे

शेतकरी हे अज्ञानाने करतो, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कृषिखात्याच्या व्याख्यानांचा सूर पुष्कळदा तसाच असतो. वस्तुतः शेतकरी समोर मांडलेल्या भावाला उत्तर देत असतो. तो भाव कसा ठरला, याचा इतिहास उद्बोधक आहे. मराठे समितीच्या शिफारशीनुसार नोव्हेंबर १९७७ पासून प्रत्येक नत्रखत कारखान्याला त्याचा उत्पादनखर्च आणि भांडवलावर १२ टक्के परतावा भरून देणारी योजना सुरू झाली. देशात कारखाने उभे राहिले; महाराष्ट्रात थळचा मोठा सार्वजनिक कारखाना १९८५ मध्ये उत्पादन करू लागला. अन्नधान्यात देश स्वावलंबी झाला, त्यात या धोरणाचा वाटा होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण १९९२ साली स्फुरद व पालाश खतांचे भाव मोकळे सोडण्यात आले, आणि युरिया तेवढा नियंत्रणात ठेवला गेला. २०१० साली अन्नद्रव्यानुसार अनुदानाची पद्धत आली, तेव्हाही युरिया तिच्याबाहेरच राहिला. गेल्या काही वर्षांत एकट्या युरियावरील अनुदान वर्षाला एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे.

याचा परिणाम दुकानाच्या पाटीवर वाचता येतो. युरियाचे ४५ किलोचे पोते सुमारे २६६ रुपयांना, आणि डीएपीचे ५० किलोचे पोते १,३५० रुपयांना. हिशेब केला, तर नत्र किलोला सुमारे १३ रुपये पडतो, आणि डीएपीतील नत्राची तेवढी किंमत वजा घातल्यावर स्फुरद किलोला सुमारे ५४ रुपये. कडधान्याला आणि त्याच्या गाठीला खरी निकड असते ती स्फुरदाची, गंधकाची आणि किंचित मॉलिब्डेनमची. म्हणजे ज्याने गाठ वाढते ते चौपट महाग, आणि ज्याने गाठ मोडते ते स्वस्त! पैशाची ओढाताण असलेला कोरडवाहू शेतकरी या पारड्यात कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगायला कोणा अर्थपंडिताची गरज नाही. त्यात उधारीवर खत देणारा दुकानदार टंचाईच्या दिवसांत पोत्याबरोबर नको असलेल्या बाटल्या व पुड्याही गळ्यात बांधतो. त्या प्रकाराला बाजारात 'लिंकिंग' असे गोंडस नाव आहे. या व्यवहारात जिवाणू संवर्धकाच्या स्वस्त पाकिटाला स्थान कोठून असणार? त्याच्यात ना कारखानदाराला कमाई, ना दुकानदाराला.

जमिनीच्या मालकीचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. बेवड ही पुढच्या वर्षाची मिळकत आहे. जो शेतकरी एका हंगामापुरती जमीन मक्त्याने किंवा बटईने करतो, त्याला पुढच्या वर्षी ती जमीन मिळेलच याची शाश्वती नसते. जमिनीत नत्र मागे ठेवून जाण्यात त्याचा लाभ कोणता? त्याला यंदाच्या यंदा हिरवेगार पीक दिसले पाहिजे, कारण मक्त्याची रक्कम त्याने आधीच मोजलेली असते. कुळाला कायदेशीर आधार नसेल, तर मातीला उद्या नसतो. कसणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न सुपीकतेच्या प्रश्नापासून तोडता येत नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आणि कडधान्याच्या भावाचे काय? २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण त्या हंगामात बाजार समित्यांमध्ये पुष्कळ शेतकऱ्यांना तो मिळाला नाही. तुरीची आयात २०२१ पासून निर्बंधमुक्त करण्यात आली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्यालाही दार उघडण्यात आले. २०२४-२५ या वर्षात डाळींची आयात ७० लाख टनांच्या घरात गेली. २०२५ च्या अर्थसंकल्पात तूर, उडीद आणि मसूर यांसाठी सहा वर्षांची स्वावलंबन योजना जाहीर झाली. एका हाताने आयात आणि दुसऱ्या हाताने स्वावलंबन, असा हा प्रकार आहे. भारत युरियासाठी लागणारा वायू मोठ्या प्रमाणात परदेशातून आणतो, तयार युरियाही आणतो, आणि वर डाळही आणतो. ज्या पिकांनी नत्राची आयात कमी झाली असती, त्यांचेच भाव पाडण्याचा हा उद्योग आहे.

ब्राझीलचा धडा

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. ब्राझीलमध्ये १९६० च्या दशकात सोयाबीनचा विस्तार सुरू झाला, तेव्हा योहाना डोबेराइनर या शास्त्रज्ञ महिलेने आग्रह धरला, की वाणांची निवड नत्रखताशिवाय, केवळ जिवाणूंच्या आधारावर करावी. अमेरिकेतल्या पद्धती जशाच्या तशा उचलू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. तो आग्रह मान्य झाला. १९७३ साली स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सार्वजनिक संशोधन संस्थेने पुढे जिवाणूंचे उत्तम वंश निवडून ते दर हंगामात शेतकऱ्यांना मिळतील अशी व्यवस्था केली. आज त्या देशात सोयाबीनच्या सुमारे ८५ टक्के क्षेत्रावर जिवाणूंची प्रक्रिया होते आणि नत्रखत जवळपास वापरले जात नाही; दरसाल अब्जावधी डॉलर वाचतात. त्याच संस्थेच्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले, ते याच कामासाठी.

ब्राझीलच्या सोयाबीनचे सारेच अनुकरणीय आहे असे कोणी समजू नये. प्रचंड जमीनदाऱ्या, जंगलतोड आणि भूमिहीनांची हकालपट्टी ही त्या पिकाची दुसरी बाजू आहे. परंतु सार्वजनिक विज्ञानाने ठाम भूमिका घेतली आणि शासनाने तिला धोरणाचे पाठबळ दिले, तर एक संपूर्ण पीक युरियाच्या पोत्यावाचून उभे राहू शकते, एवढे तेथे निर्विवाद सिद्ध झाले आहे. भारतात जिवाणू खते २००६ साली खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. पाकिटातील दर ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे मानक ठरले. पण एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या पाकिटात त्यातले किती जिवंत राहतात, हे तपासणार कोण? एकदा निर्जीव पाकीट पदरात पडले, की शेतकऱ्याचा जिवाणूंवरचाच विश्वास उडतो, आणि तो दोष मग विज्ञानाला चिकटतो.

आक्षेप आणि मर्यादा

या भूमिकेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की ही युरियाविरोधी भावुकता आहे. एकशे चाळीस कोटी लोकांना गाठींच्या भरवशावर जगविता येणार नाही. हे खरे आहे, आणि तसे कोणी म्हणतही नाही. भात, गहू, ज्वारी, मका, ऊस यांना बाहेरून नत्र लागतोच. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि काही महिन्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. मधल्या काळात लहान शेतकऱ्याची वाताहत झाली. असल्या आततायीपणाला समाजवादी कार्यक्रमात स्थान असू शकत नाही. मागणी एवढीच आहे, की ज्या पिकाला युरिया अपाय करतो, त्या पिकाकडे तो ढकलणारी व्यवस्था बदलावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जेथे गाठीच धरत नाहीत तेथे काय करायचे? हरभऱ्याला त्याचा स्वतःचा जिवाणू लागतो, सोयाबीनला त्याचा. ते एकमेकांच्या कामी येत नाहीत. नव्याने पीक घेतलेल्या रानात योग्य जिवाणू नसतात. पाणी तुंबले तर गाठी गुदमरतात. अशा वेळी पिकाला नत्र द्यावाच लागतो, आणि फुलोऱ्यात किंवा घाटे भरताना दोन टक्के युरियाची फवारणी करण्याची शिफारसही आहे. पानांवाटे दिलेली ती अल्प मात्रा मुळाशी टाकलेल्या पोत्यासारखी नसते. सोयाबीनबद्दल आणखी एक सावधगिरी हवी. त्याने मिळविलेल्या नत्राचा बहुतांश दाण्याबरोबर बाजारात जातो, म्हणून त्याचा बेवड तुरीच्या पानगळीइतका मोठा मानू नये. यासाठीच तुरीचे आंतरपीक टिकविणे अगत्याचे आहे. ज्वारी-तुरीच्या जुन्या जोडीत ज्वारी मातीतला नायट्रेट उचलून घेते आणि तुरीला हवेकडे वळावे लागते. पूर्वजांना नायट्रेटचे नाव ठाऊक नव्हते, पण दोघींच्या संसाराची वाटणी त्यांनी बरोबर केली होती.

मागण्यांची फेरमांडणी

म्हणूनच खरिपाच्या तोंडावर दिल्या जाणाऱ्या निवेदनांचे स्वरूप बदलले पाहिजे. अनुदान काढून घ्या, असा अर्थ यातून काढला जाण्याचा धोका आहे; शेतीवरचा सार्वजनिक खर्च कमी करण्यासाठी टपून बसलेल्यांना तसे निमित्त हवेच आहे. तेव्हा पहिली मागणी अशी असली पाहिजे, की शेतीसाठीच्या अनुदानात एका रुपयाचीही कपात न करता त्याचा कल टप्प्याटप्प्याने स्फुरद, गंधक आणि जिवाणूंकडे वळवावा. नत्र नसलेले, गंधक असलेले सिंगल सुपर फॉस्फेट कडधान्याच्या हंगामात लहान शेतकऱ्याला मुबलक मिळावे. दुसरी मागणी, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी पिकागणिक जिवाणू संवर्धके तयार करून ती सहकारी सोसायट्यांमार्फत पेरणीपूर्वी गावोगाव पोचवावीत, आणि प्रत्येक खेपेची जिवाणूसंख्या जाहीर करावी. तिसरी, लिंकिंग करणाऱ्या विक्रेत्याबरोबर ते त्याच्यावर लादणाऱ्या कंपनीवरही कारवाई व्हावी. चौथी, तूर, मूग, उडीद, हरभरा व सोयाबीन यांची हमीभावाने खरेदी खात्रीशीर व्हावी आणि काढणीच्या महिन्यांत आयातीला आवर घालावा. पाचवी, बटईने करणाऱ्याची नोंद व्हावी आणि त्याला कर्ज व भरपाई यांचा हक्क मिळावा.

मागण्यांबरोबर कामही हवे, आणि ते फारसे खर्चिक नाही. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी कार्यकर्त्यांनी गावातल्या दहा वावरांत जावे. झाड उपटू नये, कारण गाठी तुटून मातीत राहतात. खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढून पाण्यात हलकेच धुवावे. गाठी मोजाव्यात, नखाने फोडून रंग पाहावा, आणि त्या वावरात कोणते खत किती पडले, ते वहीत टिपावे. युरिया टाकलेले आणि न टाकलेले झाड शेजारी शेजारी ठेवून ते चावडीवर दाखवावे. पेरणीच्या वेळी बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू हा क्रम, आणि प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकविण्याची दक्षता, एवढे जरी घरोघर पोचले, तरी पुष्कळ काम झाले. विज्ञान लोकांच्या हाती देण्याच्या गोष्टी व्यासपीठावरून नेहमी केल्या जातात. येथे त्यासाठी एक खुरपे आणि पाण्याची एक बादली पुरेशी आहे.

गुलाबी गाठ पाहिलेला शेतकरी पुढच्या खरिपात युरियाच्या रांगेत उभा राहिलाच, तर ते पोते उसाला की सोयाबीनला, हे ठरवून उभा राहील. आणि त्याच्या बाजूने निवेदन लिहिणाऱ्यांनाही मग तहसीलदारापुढे 'खत द्या' एवढेच म्हणून थांबता येणार नाही. कोणते खत, कोणत्या पिकाला आणि कोणाच्या लाभासाठी, हेही विचारावे लागेल.